कळवू म्हणाले

एक शब्द ऐकला की माझी कानशिलं तापतात. शिवी नव्हे. शिव्या मी घाटंजीच्या बाजारात उभं आयुष्य ऐकल्या आणि ऐकवल्या, त्यांचं मला काही वाटत नाही. शिवी देणारा निदान समोर उभा असतो. हा शब्द लोक खुर्चीत बसून, कागद सारखे करत, तुमच्याकडे न पाहता म्हणतात. ‘कळवू.’

तो मला पहिल्यांदा ऐकवला गेला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. खेडा खरेदी करायचो. म्हणजे सायकलला काटा बांधून गावोगाव फिरायचं, ज्याच्या घरी कापूस वेचून पडला आहे त्याच्या ओसरीत बसायचं, भाव ठरवायचा आणि माल घाटंजीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात पोचता करायचा. काटा माझा नव्हता, सायकल माझी नव्हती, पण बोटं माझी होती. मूठभर कापूस घेऊन अंगठ्यानं ओढला की धागा किती लांब, ओल किती, पहिल्या वेचणीचा की शेवटच्या, हे मी डोळे मिटून सांगायचो. वर पांढरा कापूस रचून आत कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, दडवलेला असेल तर माझा हात बरोबर तिथंच जायचा. त्यापायी मी दोनदा मारही खाल्ला आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका जिनिंग संस्थेत, म्हणजे कापसातून सरकी काढतात तिथं, ग्रेडरची जागा निघाली. ग्रेडर म्हणजे गाडीत हात घालून कापसाची प्रत ठरवणारा माणूस. शेतकरी त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहतात, व्यापारी त्याला चहा पाजतात आणि पगार महिन्याच्या महिन्याला, पाऊस पडो न पडो. मला वाटलं, ही जागा माझ्यासाठीच निघाली आहे. आजही तसंच वाटतं.

तयारी कशी करायची हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. मुलाखत दिलेला माणूसच आमच्या गल्लीत नव्हता. मी आपल्या बुद्धीनं तीन प्रतींचा कापूस तीन रुमालांत बांधला आणि सकाळच्या एसटीनं निघालो.

खोलीत तीन साहेब होते. पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत बसलेल्या घरांतले. बोटं अशी मऊ, की बोंडाचं टोक त्यांना कधी टोचलेलं नसावं.

“स्वतःविषयी सांगा,” मधले साहेब म्हणाले.

स्वतःविषयी माणूस काय सांगणार? आमच्याकडे ते काम शेजारी करतात. मी मुद्द्याचं बोललो. “मले कापूस समजते, साहेब.”

साहेब हसले. “मला. मला समजतो.”

“हव, तुमाले बी समजत असन,” मी म्हणालो.

तिघंही खो-खो हसले. मीही हसलो. मला वाटलं, गाडी रुळावर आली. ते माझी भाषा सुधारत होते हे मला बाहेर आल्यावर, आणि तेही बऱ्याच वेळानं कळलं. मग त्यांनी संस्था कोणी स्थापन केली ते विचारलं, जिल्ह्यात तालुके किती ते विचारलं. मी रुमाल सोडायला लागलो तर डावीकडचे साहेब म्हणाले, “ते राहू द्या, इथं कचरा होईल.” ग्रेडरच्या मुलाखतीत कापसाचा कचरा होतो! त्या दिवशी त्या खोलीत कापसाला कोणी हात लावला नाही.

शेवटी उजवीकडच्यांनी विचारलं, “पगाराची अपेक्षा काय?”

इथं मी जे केलं ते आमच्या बाजारात कोणीही केलं असतं. माझ्या मनात होता त्याच्या दुप्पट आकडा मी सांगितला. पहिला आकडा घ्यायचा किंवा द्यायचा नसतोच, तो फक्त बोलणं सुरू करण्यासाठी असतो. आता त्यांनी निम्मा म्हणायचा, मी कपाळाला हात लावायचा, त्यांनी जरा वर यायचं, मी जरा खाली, आणि मधे कुठंतरी चहा मागवायचा. पण साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं, कागद सारखे केले आणि म्हणाले, “ठीक आहे. कळवू.”

मी मनात म्हटलं, वा! साहेब लोकांनाही येतं तर! कारण हा शब्द माझ्या ओळखीचा होता. बाजारात ‘पाहतो, मग कळवतो’ असं समोरचा म्हणाला, की ती उठायची वेळ असते. तुम्ही उठता, पाठ फिरवता आणि सावकाश चालू लागता. घाई करायची नाही. जितकं सावकाश चालाल तितकी समोरच्याला बोलवायला सवड मिळते. दारापर्यंत जाईतो तो हाक मारतोच, “या हो इकडे, काय शेवटचं बोलता?”

मी उठलो आणि सावकाश चाललो. दारापर्यंत सात पावलं होती. चौथ्या पावलाला मी रुमाल खाली पाडला आणि वाकून उचलला. सातव्याला कडीला हात लावून उभा राहिलो. मागून आवाज आला, पण तो दुसऱ्या उमेदवाराचं नाव पुकारल्याचा होता.

तरी मी गेलो नाही. बाहेरच्या बाकावर बसलो. काही सौदे गिऱ्हाईक रस्त्याला लागल्यावर जुळतात. दुपार उलटली. चपराशी खोलीला कुलूप लावून आला आणि म्हणाला, “काहून बसले हो? घरी जा न.”

“बोलावतीन मले.”

“कोण?”

“साहेब.”

“साहेब त मागच्या दारानं कवाचेच गेले. हा काय बैलबाजार आहे का बापा?” असं म्हणून तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

त्या जागेवर जो लागला त्याचा कापूस समजण्याशी काही संबंध नव्हता. त्याला ‘मला’ म्हणता येत होतं. पुढं कितीतरी वर्षं माझ्या गाड्यांत तो हात घालायचा, कोपरापर्यंत बाही सांभाळत, आणि चांगल्या मालाला खालची प्रत लावायचा. मी भांडायचो. तो म्हणायचा, “तुम्हाला जास्त समजतं का?” मला जास्तच समजत होतं! तेच तर दुखणं होतं.

मी त्या रागावर धंदा उभा केला. काटा घेतला, गोदाम घेतलं, एका जिनात भागीदारी घेतली. आणि माणसं ठेवायची वेळ आली तेव्हा ठरवलं की आपल्याकडे ‘कळवू’ चालणार नाही. कोणी काम मागायला आला की त्याला मी कापसाच्या ढिगाशी नेतो. मूठभर काढायला लावतो. कुठून काढतो ते पाहतो. वरवरचा उचलणारा निराळा, कोपरापर्यंत हात घालणारा निराळा. मग एक खोटी गोष्ट सांगतो, म्हणजे ओल्या मालाला कोरडा म्हणतो आणि तो मान डोलावतो का ते बघतो. मान डोलावली तर नको. माझ्यासमोर नाही म्हणाला तर तिथल्या तिथं हो. पगारही मीच आधी बोलतो. नको असलेल्याला तोंडावर नको म्हणतो. तो मला मनात शिव्या देत जातो, पण बाकावर बसून राहत नाही.

मग ती वाईट वर्षं आली. बोंडं आतून पोखरलेली, भाव पडलेला, फवारणीचा खर्च चढलेला. आमच्या रस्त्यावरच्या जिनांची धुरांडी एकामागून एक थंड पडली. माझं जिन हंगामात दोन महिनेही नीट चालेना. मी गादीवर बसून रिकाम्या आवाराकडे पाहायचो आणि एकच विचार करायचो की माझ्या मुलीला यातलं काही देण्यासारखं उरलेलं नाही. तिला नोकरी पाहिजे. पक्की, पाऊस पडो न पडो अशी.

मुलगी हुशार. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली. यवतमाळजवळच्या एका सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत जागा निघाली. धाग्याची लांबी आणि ताकद मशीनवर मोजायची. म्हणजे ग्रेडरचंच काम, फक्त बोटांऐवजी मशीन. बातमी कळल्यावर मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मला न मिळालेली जागा पंचवीस वर्षांनी पुन्हा निघाली होती आणि या वेळी मी ती हातची जाऊ देणार नव्हतो.

मी अंगणात खाट टाकली आणि साहेब होऊन बसलो. मुलगी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत. बायको दारात तूर निवडत होती, म्हणजे मधे तोंड घालायला मोकळी.

“पगाराचं पहिले तू बोलू नको,” मी म्हणालो. “त्यायनं इचारलं त त्यायलेच इचारजो, तुमी काय द्याल? आन् आकडा सांगतला की हसजो.”

“हसू कायले?”

“हसलं की समोरचा घाबरते.”

“तुमी हसले की घाबरते,” बायको म्हणाली. “तुमचे दात पाहून.”

“मग उठजो. दारापर्यंत हळू चालजो.”

“बाबा, हा कापूस नाही,” मुलगी म्हणाली.

“सगळा कापूसच असते!”

तिनं वाद घातला नाही. तिनं वही काढली. त्या गिरणीत कोणतं मशीन आहे, ते काय मोजतं, कुठं चुकतं, असं सगळं तिनं कॉलेजच्या बाईंना विचारून लिहून आणलं होतं. तिनं मला विचारलं, “हे सांगा, कापूस ओला असला त हाताले कसा लागते? आन् धागा ओढल्यावर काय फरक पडते?” मी सांगायला लागलो आणि सांगतच राहिलो. कपाटावर ठेवलेलं नमुन्याच्या कापसाचं गाठोडं काढलं, अर्ध्या कापसावर पाणी शिंपडून तो तिच्या हातात दिला, डोळे मिटायला लावले. ती चुकली की मी ओरडायचो, बरोबर सांगितलं की गप्प बसायचो. चार दिवसांत तिची बोटं तयार झाली. तयारी म्हणायची तर ती एवढीच खरी. बाकी मी खाटेवर बसून जे शिकवलं तो माझा जुना कढ होता.

मुलाखतीच्या दिवशी मी तिला मोटारसायकलवर नेलं. गिरणीच्या फाटकाशी ती म्हणाली, “तुमी इथंच बसजा. आत येऊ नका.”

“कायले येऊ?”

“शपथ घ्या.”

“जा न आता, उशीर होऊन राह्यला.”

शपथ मी घेतली नाही. हे नंतर ती कधी बोलली नाही, पण मला आठवतं.

कचेरीच्या व्हरांड्यात बाक होता. तसाच, लाकडी. त्यावर बसल्यावर माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. अर्ध्या तासानं ती बाहेर आली. तोंडावर हसू होतं.

“मस्त झाला, बाबा. त्यायनं कापूस हातात देला. मशीनचा आकडा दाखवला आन् इचारलं, बरोबर आहे का? मी म्हणलं, कापूस ओला आहे, आकडा खोटा येते. सुकवून मोजा. बाई त पाहतच राह्यल्या.”

माझी छाती भरून आली. “मग? काय म्हणले?”

“मग काय. कळवू म्हणले.”

मी उठलो. ती माझी बाही धरून म्हणाली, “बाबा, बसा. बाबा!” बाही तिच्या हातून सुटली. मी दार ढकललं.

आत दोघं होते. कोट घातलेला एक व्यवस्थापक, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या एक वयस्कर बाई. पुढचा उमेदवार खुर्चीत बसत होता, तो तसाच अर्धवट उभा राहिला.

“कळवू म्हणजे काय?” मी म्हणालो.

“आपण कोण?”

“तिचा बाप. हो का नाही, आत्ता सांगा. आकडा खोटा आहे हे तिनं सांगतलं का नाही? मग कळवू कायले? मी पन्नास माणसं ठेवली, एकाले बी असं लटकवलं नाही.”

“काका, अजून तीन उमेदवार बाकी आहेत,” व्यवस्थापक म्हणाला. आवाज चढवला नव्हता. आज शांतपणे पाहिलं तर याहून सरळ उत्तर असू शकत नाही. पण मी त्याच्याशी बोलतच नव्हतो. मी त्या तीन साहेबांशी बोलत होतो, जे मागच्या दारानं निघून गेले होते.

“तुमचे उमेदवार मले समजते. जागा कवाचीच कोणाच्या भाच्याले देऊन बसले असान. कापूस समजणारा दारात उभा अन् खुर्चीत तुमचे लोकं! तुमच्यासारखे साहेब मी रोज बाजारात…”

आणि बोलता बोलता माझी नजर टेबलावर गेली. व्यापाऱ्याला एक विद्या यावीच लागते. समोरच्याची वही उलटी वाचण्याची. बाईंच्या पुढ्यातला कागद मी उलटा वाचला. नावांची यादी होती. मुलीच्या नावाभोवती लाल गोल होता आणि समोर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हीच’.

तोंडातून सुटलेलं वाक्य मला थांबवता आलं नाही. मी ते पुरं केलं. काय पुरं केलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. कागद पालथा केला. मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाल्या, “ठीक आहे. आम्ही कळवू.”

या वेळी त्याचा अर्थ मला लगेच कळला.

माफी मागायला हवी होती. मी आयुष्यात भाव उतरवला आहे, पण तो समोरच्यानं आधी उतरवल्यावर. त्या खोलीत समोरच्याकडे उतरवण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून माझ्याही तोंडून माफी निघाली नाही. मी वळलो. दारापर्यंत मी सावकाशच चाललो, मुद्दाम नाही, पाय उचलत नव्हते म्हणून.

परतीच्या रस्त्यात अर्ध्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “त्या बाईनं मले मशीन दाखवलं होतं, बाबा. बसायचं टेबल बी दाखवलं. खिडकीजवळचं.”

कळवलं नाही. त्यांनी काहीच कळवलं नाही. दुसरं कोणीतरी लागलं, असं बाजारातून कानावर आलं. मी चुकलो हे मी इथं लिहितो आहे, कारण ते खरं आहे. पण माझा राग त्यानं विझलेला नाही. ‘हीच’ लिहिलं होतं ना? बोटं तिची होती, उत्तर तिचं होतं. तोंड माझं होतं. माझ्या तोंडाबद्दल मला फाटकाबाहेर काढायचं होतं, पोलिस बोलवायचे होते, मी तक्रार केली नसती. तिच्या नावाचा कागद पालथा काय म्हणून केला? नोकरी बापाला देत होते का? कापूस तपासायला बसलेली माणसं आणि मालाऐवजी गाडीवान पाहून प्रत ठरवतात. मग पंचवीस वर्षांत काय बदललं?

हे सगळं मी घरी चार दिवस बोललो. पाचव्या दिवशी बायकोनं ताट वाढता वाढता सांगितलं, “तुमचा इंटरव्यू तवाच संपला, चपराशानं कुलूप लावलं तवा. पण तुमी आतच बसून हाव. अन् आता पोरीले बी कोंडलं.” मी ताट सरकवलं. ते तिनं उचलून नेलं, पुन्हा वाढलं नाही.

मुलगी मात्र आधीसारखीच. पेपर वाचायची, वहीत काहीतरी लिहायची, आठवड्यातून दोनदा यवतमाळला जायची. क्लास म्हणायची. मी विचारायचो, “कुठं जागा निघाली का?” ती म्हणायची, “पाहून राह्यली.” मी खाट टाकू का म्हटलं की हसायची.

हंगाम सुरू झाला. एक दिवस गोदामासमोरचा टेलर म्हणाला, “सेठ, पेढे नाही देले?”

“कायचे?”

“लेकीच्या नोकरीचे. सोमवारी रुजू होऊन राह्यली म्हणते न माती तपासणीच्या प्रयोगशाळेत?”

मी गोदाम तसंच उघडं टाकून घरी आलो. सोमवारच होता. ती स्वयंपाकघराच्या दारात डबा पिशवीत ठेवत होती. मी उंबरठ्यावरूनच ओरडलो. इंटरव्यू केव्हा झाला, कोणी घेतला, पगार काय, सगळ्या आळीले समजते आन् बापाले काहून नाही सांगतलं?

तिनं पिशवीची चेन लावली. माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“कळवणारच होती, बाबा,” ती म्हणाली.

बायको चुलीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की काय ते मी पाहायला गेलो नाही.

मुलीनं चपला घातल्या आणि निघाली. सावकाश नाही, झपाझप, नेरकडे जाणारी साडेआठची बस पकडायची म्हणून. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभा राहिलो. हाक मारावी असं दोनदा तोंडावर आलं. राग आला होता, आणि खोटं कशाला सांगू, अजूनही आहे.